‘फरांग’चा कांगावा

थायलंडमध्ये गोऱ्या परदेशी माणसाला ‘फरांग’ म्हणतात. तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या काही पाश्चात्त्यांचा हा शब्द ऐकताच तिळपापड होतो. हा म्हणे वंशद्वेष! थाई माणूस ज्या राजधानीला क्रुंग थेप म्हणतो, तिला खुशाल बँकॉक म्हणणाऱ्यांचा हा हळवेपणा मोठा कौतुकाचाच!

‘फरांगसेत’ म्हणजे फ्रेंच, त्यावरून हा शब्द आला, ही समजूतही भाबडीच. मूळ शब्द ‘फ्रँक’. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी समस्त पश्चिम युरोपीयांना ‘इफ्रंज’ म्हटले, इराण्यांनी ‘फरंग’. व्यापाऱ्यांबरोबर तोच शब्द पूर्वेकडे गेला. अयुथ्येच्या दरबारी १५११ मध्ये पोहोचलेला पहिला युरोपीय दूत पोर्तुगीज होता. फ्रेंच राजाचा वकील आला १६८५ मध्ये. मराठीतील ‘फिरंगी’ आणि ‘फिरंग’ ही तलवार याच कुळातली. मात्र मराठीत शब्दाला चढलेली धार थाई भाषेत नाही.

तेथे पेरूलाही ‘फरांग’च म्हणतात आणि बटाटा म्हणजे ‘मान फरांग’, अर्थात गोऱ्यांचा कंद. यात शिवी कोठे आहे? शिवी द्यायचीच तर थाई माणूस ‘फरांग खी नोक’ म्हणतो. ‘खी नोक’ म्हणजे पक्ष्याची विष्ठा. पेरूच्या एका जातीचेही तेच नाव, म्हणजे शिवीतही कोटी!

व्युत्पत्तीवरून सभ्यता जोखणाऱ्यांनी ‘खॅक’ शब्द पाहावा. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. भारतीय, मलय आणि अरब या सर्वांना थाई माणूस याच एका शब्दाने ओळखतो, आणि तो उच्चारताना आतिथ्यापेक्षा कुचेष्टाच अनेकदा अधिक असते.