यंत्र घरी येईल, पाण्याचे काय?

घरच्या घरी डायलिसिस करता येईल अशी आटोपशीर यंत्रे आता एकामागून एक बाजारात येत आहेत. सुटकेसएवढे, पलंगाशेजारच्या मेजावर मावणारे एक यंत्र अमेरिकेत २००५ मध्येच घरगुती वापरासाठी मंजूर झाले. नळाचे पाणी स्वतःच शुद्ध करून घेणाऱ्या आणि पडद्यावर पुढची पायरी दाखवणाऱ्या दुसऱ्या यंत्राला २०२० मध्ये तशी परवानगी मिळाली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतली काही कुटुंबे घरी डायलिसिस करू लागली आहेत. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या खेड्यातून आठवड्यातून दोन-तीनदा खामगाव, अकोला किंवा बुलढाणा गाठणाऱ्या माणसाला या बातम्यांनी आशा वाटली तर नवल नाही. डायलिसिस मोफत झाले तरी जाण्यायेण्याचा खर्च टळत नाही. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. चार तास यंत्राला बांधलेला माणूस परतीच्या एसटीत मान टाकून बसतो आणि दुसरा दिवस उजाडला की तिसऱ्याची चिंता सुरू होते. त्यामुळे हे यंत्र घरात आले तर कोणाला नको आहे? पण बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या तालुक्यांत या यंत्राची वाट अडते ती पाण्यापाशी.

पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आणि जवळपास नऊशे गावांचा आहे. इथे विहीर खोदली तरी खारे पाणी लागते आणि बोअर मारली तरी खारेच. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेलच तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. या पट्ट्यात अनेक ठिकाणी ही वरची मर्यादाही केव्हाच मागे पडलेली असते. किडनीच्या आजाराचे नाव निघाले की इथला माणूस पहिले बोट पाण्याकडे दाखवतो. डॉक्टर मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि उन्हातान्हातले कष्टही मोजायला सांगतात. दोघांचेही ऐकले पाहिजे. मात्र किडनी कशानेही गेली असो, त्यानंतरच्या उपचारालाही पाणीच लागते आणि ते पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध लागते.

रक्ताच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव यंत्रातून वाहतो. चार तासांचे झाले १२० लिटर, म्हणजे आपण विकत आणतो त्या वीस लिटरच्या जारचा हिशेब लावला तर एका वेळेला सहा जार. शुद्ध पाण्याचा हा आकडा हाती यायचा तर आरओतून जवळपास तेवढेच, पाणी फार खारे असेल तर त्याहून अधिक, बाहेर टाकून द्यावे लागते. नळ कोणत्या दिवशी येईल याची वाट पाहणाऱ्या घरात हे पाणी आणायचे कोठून? जारचे पाणी ओतूनही भागत नाही. निरोगी माणसाने प्यालेले पाणी आतडे गाळून घेते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आणि ते पाणी यांच्यात एक पातळ पडदा असतो, एवढेच. क्लोरीन, ॲल्युमिनियम, जंतूंचे विष यांतले काही उरले तर ते थेट रक्तात उतरते. ब्राझीलमधल्या कारुआरू गावी १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्रात शेवाळाचे विष मिसळलेले पाणी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. ते तर केंद्र होते. घरच्या मोरीत बसवलेल्या फिल्टरची तपासणी दर महिन्याला कोण करणार, हे ठरल्याशिवाय यंत्र विकणे हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

कमी पाण्यावर चालणारी यंत्रे आहेत. वीस-तीस लिटर तयार द्रवावर त्यांचे भागते. पण तो द्रव पिशव्यांतून आणावा लागतो आणि विजेचा प्रश्न उरतोच. शिवाय फिस्टुला (शीर आणि धमनीची जोडणी) केलेल्या हातात दोन जाड सुया रुग्णाने स्वतः किंवा घरातल्या कोणीतरी टोचायच्या आणि नळी निसटून रक्त वाहू नये म्हणून तासन्‌तास डोळ्यांत तेल घालून बसायचे. १९६४ मध्ये सिएटलमध्ये एका शाळकरी मुलीसाठी तिच्या घरी असे यंत्र बसवले गेले, तेव्हा डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्यासारखे तज्ज्ञ आणि विद्यापीठातले अभियंते तिच्या पाठीशी उभे होते. घरगुती डायलिसिसची सुरुवातच अशी यंत्रामागे माणसे उभी करून झाली.

मग खारपाणपट्ट्यातल्या रुग्णाला घरी उपचार नाहीच का? आहे. त्याचे नाव पोटाचे डायलिसिस. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर औषधी द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून नवा भरायचा. गाळण्याचे काम पोटातला नैसर्गिक पडदा करतो. हाताने करायच्या पद्धतीला ना वीज लागते, ना विहीर. सुया नाहीत, रक्त बाहेर काढणे नाही. भारतात हा उपचार १९९१ पासून होत आहे. पाणी खारे आणि दवाखाना लांब, अशा मुलखासाठी तो योग्य असताना जिल्ह्यात त्याची चर्चाही फारशी होत नाही, हे आम्हाला खटकते.

अर्थात तोही सोपा नाही आणि कोणी सोपा म्हणून गळ्यात मारू नये. दिवसातून साधारण चार वेळा पोटातले पाणी बदलायचे, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. आधी पंखा बंद, दार-खिडकी बंद, तोंडाला मास्क, साबणाने हात खसखसून धुवून कोरडे करायचे. नळीचे तोंड कशालाही लागता कामा नये. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसवर असताना पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून बसणे म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर निम्मे घर कापसाने भरते. तंतू उडतात, माणसांची ये-जा असते. त्याच घरात एक कोपरा देवघरासारखा जपावा लागतो. निघालेले पाणी रोज उजेडात धरून पाहायचे. ते नितळ असेल तर ठीक, गढूळ दिसले किंवा पोट दुखू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण पोटात जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असते. द्रवातली साखर अंगी लागते आणि प्रथिने वाहून जातात. म्हणून अंडी, वरण, मोड आलेली कडधान्ये ताटात वाढवायची, तीही डॉक्टरला विचारून. रात्रभर आपोआप पाणी बदलणारे यंत्र मिळते, पण पहाटे वीज गेली की ते ओरडू लागते आणि सारे घर जागे होते. हे सगळे बहुतेक घरांत बाई करते. नवऱ्याची पिशवी बदलून ती निंदणाला जाते आणि दुपारच्या पिशवीसाठी धावत परत येते. ती स्वतः आजारी पडली तर काय, याचे उत्तर आजवर कोणत्याही योजनेने दिलेले नाही.

साठवणुकीचेही पाहा. महिन्याला सुमारे १२० पिशव्या म्हणजे अडीचशे किलो ओझे. ते उन्हापासून, उंदरांपासून आणि ओलीपासून राखायचे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि खोकी तालुक्याच्या गावी अडकली तर दोन दिवसांत जिवावर बेतते. सप्टेंबर २०२४ मध्ये चक्रीवादळाने अमेरिकेतला एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या रुग्णालयांनाही या पिशव्या पुरवून पुरवून वापराव्या लागल्या.

पण यातून वाट काढलेले लोक आहेत. थायलंडने २००८ मध्ये पोटाचे डायलिसिस सरकारी खर्चाने सुरू केले आणि पिशव्या खेड्यापाड्यांत पोचवायला टपाल खाते लावले. केरळने सरकारी रुग्णालयांतून हा उपचार मोफत दिला. केंद्राने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, त्या वेळी देशात दरवर्षी २ लाख २० हजार नवे रुग्ण वाढतात असे सांगितले होते. त्याच कार्यक्रमात २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. कागद तयार आहे. तो जळगाव जामोदच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत उतरवणारे कोणी हवे.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे आंध्र प्रदेशातल्या उद्दानम भागाने दाखवले. तिथेही किडनीचे रुग्ण गावोगाव होते. सरकारने धरणाचे गोड पाणी गावांपर्यंत नेले, पलासा येथे डिसेंबर २०२३ मध्ये २०० खाटांचे किडनी रुग्णालय व संशोधन केंद्र उघडले आणि डायलिसिसच्या रुग्णांना महिना दहा हजार रुपये निवृत्तिवेतन दिले. आपल्याकडे वाण धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. तिचे पाणी शेवटच्या घरात नियमित पोचते का, हा प्रश्न आरोग्य खात्याचाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा आयसीएमआरचे शास्त्रज्ञ दिल्ली आणि चेन्नईहून गावात आले, रक्ताचे आणि पाण्याचे नमुने गेले. ते योग्यच झाले. पडलेले टक्कल सगळ्यांना दिसते; निकामी होत चाललेली किडनी रक्ताच्या तपासणीखेरीज दिसत नाही. क्रिएटिनीनची ही तपासणी फार खर्चाची नाही. खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक प्रौढाची ती वर्षातून एकदा झाली, तर कितीतरी जणांवर डायलिसिसची वेळच येणार नाही किंवा ती काही वर्षे पुढे ढकलली जाईल.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत पालकमंत्र्यांनी आणि घाटाखालच्या आमदारांनी हा विषय लावून धरावा. पोटाच्या डायलिसिसचा महिन्याचा पूर्ण खर्च, पिशव्या घरपोच करण्यासह, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत धरला जावा यासाठी राज्याकडे मागणी करावी. रुग्ण आणि घरातली एक व्यक्ती, दोघांना शिकवणारी परिचारिका प्रत्येक तालुक्याला हवी. पोटातून निघालेले पाणी गढूळ दिसले की रात्रीही उचलला जाईल असा फोन हवा. आशाताईंकडून आणखी एक काम करून घ्यायचे असेल, तर त्याचा वेगळा मोबदला द्यावा. आणि घरी रक्ताचे डायलिसिस करणारी यंत्रे जिल्ह्यात आणायची असतील, तर ज्या घरात ती बसवायची तिथले पाणी आधी तपासावे आणि तपासणीचा कागद रुग्णाच्या हाती द्यावा. एवढे होईपर्यंत खामगाव आणि बुलढाण्याच्या केंद्रांत येणाऱ्या प्रत्येक डायलिसिस रुग्णाच्या सोबत्यालाही एसटीचा प्रवास मोफत मिळावा. त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वाट पाहण्याची गरज नाही.