‘रँगो’, नळाची चावी आणि प्रवराकाठ (थ्रेड)

गोर व्हर्बिन्स्की यांचा ‘रँगो’ हा ॲनिमेशनपट २०११ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. नायक घोयरा सरडा, भोवती उंदीर, घुबडे, कासव, साप. एवढ्यावरून तो बालपटांच्या रांगेत बसवला गेला. वास्तविक मुलांनी मध्येच उठून जावे आणि मोठ्यांनी शेवटपर्यंत बसून राहावे, असा हा चित्रपट आहे. कारण त्याचा खरा विषय पाटपाणी आहे, आणि तो नगर जिल्ह्याइतका (आताचे अहिल्यानगर) लवकर क्वचितच कोणाला कळेल.

कथा थोडक्यात अशी. मोटारीतून पडलेला एक पाळीव सरडा वाळवंटातल्या ‘डर्ट’ नावाच्या गावी पोहोचतो, थापा मारतो आणि शेरीफ होतो. गावात पैशाऐवजी पाणी चालते. बँकेच्या तिजोरीतही पाणीच ठेवलेले असते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सारे गाव मिरवणुकीने एका प्रचंड नळाशी जाते आणि पाण्याची वाट पाहते. चाकाच्या खुर्चीतला वृद्ध कासव हा गावचा महापौर. नळाची गुप्त चावी त्याच्याच हाती आहे. पाणी तोडायचे, जमिनी कोरड्या पाडायच्या, मग त्या मातीमोल भावाने घ्यायच्या, हा त्याचा व्यवहार.

हा कासव ‘चायनाटाउन’ (१९७४) या चित्रपटातल्या नोआ क्रॉसचा वारसदार आहे, आणि ‘चायनाटाउन’च्या मुळाशी कॅलिफोर्नियातला खराखुरा इतिहास आहे. लॉस एंजेलिस शहराच्या वतीने ओवेन्स खोऱ्यातल्या जमिनी आणि त्यांबरोबरचे पाण्याचे हक्क १९०५ पासून विकत घेतले जाऊ लागले. १९१३ मध्ये सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलवाहक पूर्ण झाला. १९२०च्या दशकात ओवेन्स सरोवर आटले आणि १९२४ मध्ये संतापलेल्या खोऱ्यातल्या माणसांनी जलवाहकाला सुरुंग लावला. त्या लढ्याचे पुढारी वॉटरसन बंधू हे खोऱ्यातले बँकवाले होते. १९२७ मध्ये त्यांची बँक बुडाली, दोघे तुरुंगात गेले आणि प्रतिकार संपला. ‘रँगो’त पाणी बँकेत का ठेवले आहे, याचा उलगडा ज्याने-त्याने करावा.

नेमक्या याच वर्षांत इकडे प्रवरेवर दुसरी एक चावी घडत होती. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साठा सुमारे ११ टीएमसी. ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि खालच्या अंगाच्या गावांत ऊस उभा राहिला.

पाण्याच्या पाठोपाठ जमिनीचा प्रश्न आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांच्या मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीनधारणेचा कायदा आला, तेव्हा त्या मूळ मालकांकडे न परतता राज्य शेती महामंडळाकडे वळल्या. खंडकरी शेतकऱ्यांचा लढा त्यातूनच उभा राहिला आणि पुढे कित्येक दशके चालला. कासवाला जे एका चित्रपटात साधले, त्यासाठी येथे कंपनी, कायदा आणि महामंडळ अशा तीन पिढ्या लागल्या. आणि त्यांतल्या कोणालाही स्वतःला खलनायक म्हणवून घेण्याची गरज पडली नाही.

मात्र प्रवराकाठच्या इतिहासाची दुसरी बाजू ‘रँगो’त मुळीच नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. रांगेत उभे असलेले गावच नळाच्या मालकीत शिरले. ही मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण चावी हाती आलेले गाव त्यानंतर कसे वागते, हे हॉलिवूड सांगत नाही. तिथे शेवटी साप कासवाला ओढून नेतो, पाणी उसळते आणि प्रश्न मिटतो.

नगरमध्ये असा साप नाही, कारण असा एकच एक कासव नाही. निळवंड्याची गोष्ट पाहावी. उर्ध्व प्रवरा प्रकल्पाची कल्पना १९७० ची. डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये, लाभक्षेत्रात सात तालुक्यांतील १८२ गावे. मधल्या ५३ वर्षांत वाट पाहणारी एक पिढी निघून गेली. डर्ट गावाला निदान आठवड्याचा वार तरी ठाऊक होता.

आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. आधार २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीचा. नगरमध्ये संताप उसळला: आमचे पाणी पळवले. तिकडे मराठवाड्याची तक्रार अशी की, वरच्यांनी धरणांवर धरणे बांधून नदीच अडवली आहे. पैठणहून पाहिले, तर कासव नगरचा आहे. नगरहून पाहिले, तर तो मुंबईत, मंत्रालयात बसतो. पाटाच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारावे, तर तो हेडच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवील, आणि आवर्तन सुटलेल्या रात्री चारीवर जे घडते ते पाहता त्याचे म्हणणे अगदीच चूक ठरत नाही.

म्हणून ‘रँगो’ प्रौढांचा चित्रपट आहे, हे मान्य करूनही तो पुरेसा प्रौढ नाही असे म्हणावे लागते. पाणी म्हणजे सत्ता, इथवर तो बरोबर येतो. पण सत्ता एकाच दुष्ट हाती असते, हा दिलासा तो शेवटी देतोच, आणि तेवढ्यापुरता बालपट होतो. ज्या खोऱ्यात प्रत्येक गाव वरच्याचे ‘डर्ट’ आणि खालच्याचा महापौर असते, तिथे हा दिलासा घातक ठरतो. त्यामुळे दर टंचाईत नवा खलनायक शोधला जातो आणि उसाखालचे क्षेत्र, धरणांतील गाळ, कालव्यांची गळती हे विषय तसेच पडून राहतात.

आणखी एक जागा या चित्रपटात नाही. नळात पाणी येते कुठून, ते कोणाच्या अंगणात पडते, हे डर्ट गावात कोणी विचारत नाही. प्रवरेच्या बाबतीत ते अंगण अकोले तालुक्यातले आहे. रतनवाडी आणि घाटघरचा तो परिसर जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा. धरणाच्या फुगवट्याखाली ज्यांची भातखाचरे गेली, ते तिथले महादेव कोळी आणि ठाकर. कालवे त्यांच्या पायथ्यापासून खाली सुटतात. वरच्या वाड्यांतल्या बायका मे महिन्यात हंडे घेऊन झऱ्याशी बसतात, तेव्हा समोर भंडारदऱ्याचा जलाशय दिसत असतो.