घोड्याच्या विश्रांतीचे मोल

दिवाळीच्या सुटीत माथेरानला जाण्याचे बेत घरोघरी ठरतात. तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हे त्यामागचे तत्त्व. या निकालाचे मनःपूर्वक स्वागत करताना माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरच्या घोड्यांना विसरून चालणार नाही.

मोटारींना बंदी असल्याने माथेरानची झाडी टिकली. ती शांतता आपण सारे उपभोगतो. तिचा भार मात्र घोडा लाल मातीच्या चढांवरून वाहतो. त्याच्या टापांखाली सुटलेली माती पावसात वाहून जाते. त्यामुळे धूर नाही म्हणजे निसर्गाला धक्का नाही, असेही मानता येत नाही.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. सुटीच्या गर्दीत हे तास मोजणार कोण?

सारा दोष घोडेवाल्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात धंदा बसतो, पण चाऱ्याचा, नालांचा, औषधांचा खर्च थांबत नाही. ती तूट सुटीच्या मोजक्या दिवसांत भरून काढावी लागते. आपण घासाघीस करून वाचवलेले पैसे अखेर घोड्याच्या विश्रांतीतून वजा होतात.

नुसती बंदी हाही उपाय नव्हे. मुंबईतल्या ‘व्हिक्टोरिया’ या घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. विजेवरच्या बग्ग्या रस्त्यावर यायला २०२१ उजाडले. मधल्या काळात त्या कुटुंबांनी काय खावे, याचे उत्तर बंदीआधीच तयार हवे होते.

म्हणून माथेरानमध्ये आजच सुरुवात व्हावी. प्रत्येक घोड्याची नियमित पशुवैद्यकीय तपासणी आणि कामाच्या तासांची नोंद नाक्यावरच ठेवावी. स्वाराच्या वजनाला मर्यादा घालावी. कमी फेऱ्यांत घर चालेल असे दर ठरवावेत. हा व्यवसाय सोडू पाहणाऱ्यांना ई-रिक्षाचे परवाने मिळावेत. पर्यटकांनी ठरलेला दर पूर्ण द्यावा, जखमी घोड्यावर बसण्यास नकार द्यावा आणि पाय धड असतील तर चालावे. मुक्या जनावराला नकार देता येत नाही. म्हणूनच त्याच्या वतीने मर्यादा आखणे हे शासनाचे आणि आपले कर्तव्य आहे.