स्टेअरिंग कोणत्या बाजूला?

मुलांनो, नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला ट्रक दिसला नाही, असा एक दिवस जात नाही. पहाटे वाशीच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याचे ट्रक येतात. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे सळया आणि पत्रे लादलेले ट्रेलर जातात. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, आणि उरणच्या रस्त्याला कंटेनरची सवय झाली. आपण मात्र या गाड्यांना कंटाळतो. धूर, आवाज आणि शाळेला होणारा उशीर, एवढेच त्यांचे आपल्याशी नाते. मीही अशीच होते. ट्रककडे नीट पाहायला मला नववीतल्या एका मुलाने शिकवले, आणि तेही मी त्याच्यावर अन्याय केल्यानंतर.

आमच्या शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन होते. परीक्षक मी होते. प्लॅस्टिकचे छोटे ब्लॉक, म्हणजे खेळातल्या विटा, एकमेकांत बसवून केलेले दोन ट्रक टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. पहिला मोठा, लाल, चकचकीत. तो एका मुलाच्या मामांनी परदेशातून आणलेल्या खोक्यातला होता. सोबतची पुस्तिका पाहून त्याने तो जोडला होता. दुसरा लहान आणि रंगाने विजोड. एका रंगाचे ब्लॉक पुरले नसावेत, म्हणून कंटेनरची एक बाजू निळी, एक पिवळी, मध्येच दोन हिरवे ठिगळ. मी पहिल्या ट्रकला पहिला क्रमांक दिला आणि पुढच्या टेबलाकडे वळले. दुसऱ्या ट्रकपाशी मी अर्धा मिनिटसुद्धा थांबले नसेन.

संध्याकाळी पालक आले. त्यांत त्या दुसऱ्या मुलाचे वडील होते. ते कंटेनरचा ट्रेलर चालवतात, हे मला त्या दिवशी कळले. मुलाने शाळेच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे फक्त 'नोकरी' असे लिहिले होते. त्यांनी बक्षीस मिळालेला ट्रक कौतुकाने पाहिला, खाली वाकून केबिनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "टीचर, गाडी फार सुंदर आहे. पण हिचे स्टेअरिंग डाव्या बाजूला आहे. आपल्या रस्त्यावर चालवायची कशी?" ते उर्दूत बोलले, मी तुम्हांला मराठीत सांगते आहे. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र उत्तर सुचेना. ज्याने तो ट्रक जोडला त्यालाही सुचले नाही. त्यालाही ते दिसलेच नव्हते.

आता खोक्याची यात चूक नाही, हे आधी सांगते. ज्या देशातला तो ट्रक होता, तेथे वाहने रस्त्याच्या उजवीकडून धावतात, म्हणून स्टेअरिंग डावीकडे असते. त्या देशापुरता तो नमुना खराच होता. ('नमुना' हा शब्द उर्दूत आहे तसाच मराठीतही आहे, तो वेगळा शिकायला नको.) प्रश्न असा, की हातांनी शेकडो तुकडे जोडले, मग डोळ्यांनी काय पाहिले? आणि परीक्षक म्हणून मी तरी काय पाहिले?

मग मी त्या विजोड ट्रेलरपाशी पुन्हा गेले. मुलगा आधी बोलेना. वडिलांनी खूण केल्यावर बोलू लागला, आणि मग थांबेना. त्याने आधी हिशोब केला होता. ब्लॉकच्या डोक्यावर जे गोल उंचवटे असतात, त्यांना आमची मुले 'बटण' म्हणतात. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर असते. त्याने ठरवले, एक बटण म्हणजे एक फूट. खरा लहान कंटेनर २० फूट लांब आणि ८ फूट रुंद असतो, म्हणून त्याचा कंटेनर २० बटणे लांब आणि ८ बटणे रुंद. उंची साडेआठ फूट, म्हणजे ६८ मिलिमीटर हवी. एका ब्लॉकची उंची ९.६ मिलिमीटर असते. सात ब्लॉक एकावर एक रचले की ६७.२ मिलिमीटर होतात. एक मिलिमीटरसुद्धा कमी पडत नाही. गणिताच्या तासाला हाच मुलगा गुणोत्तराची उदाहरणे कोरी सोडत असे, असे आमच्या गणिताच्या सरांनी नंतर मला सांगितले.

पुढचा भाग तर गणितातही नव्हता. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात. त्याच्या घोड्याला पुढे दोन आणि मागे चार चाके होती, ट्रेलरला आठ. बहुतेक मुले ट्रकला चारच चाके लावतात. पण वजन मागे असते, म्हणून मागच्या आसाच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन टायर असतात, हे त्याला ठाऊक होते. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवर त्याने चार छोट्या फिरत्या खुंट्या बसवल्या होत्या. कंटेनर ठेवून त्या फिरवल्या की तो पक्का बसे. खऱ्या ट्रेलरवर असेच कुलूप असते. ते नीट लागलेले नसेल तर वळणावर कंटेनर सरकून उलटू शकतो. "अब्बा निघायच्या आधी चारही कोपरे हात लावून बघतात," तो म्हणाला. त्या विजोड रंगांच्या ट्रेलरमध्ये त्याच्या वडिलांचे सगळे काम होते. मी त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही दिले नव्हते.

बी.एड.ला मी शिकले होते, की मूल करून पाहते तेव्हा खरे शिकते. परीक्षेत त्यावर लांबलचक उत्तर लिहून चांगले गुणही मिळवले होते!

या प्रसंगानंतर मी या छंदाबद्दल थोडी माहिती गोळा केली. अशा ब्लॉकची सर्वांत प्रसिद्ध कंपनी लेगो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियनसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, त्यातून ही कंपनी उभी राहिली. आजच्यासारख्या ब्लॉकचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे. त्या वर्षीचा ब्लॉक आजच्या ब्लॉकमध्येही घट्ट बसतो. इतके अचूक माप राखणे हीसुद्धा एक कारागिरीच आहे. १९७७ मध्ये याच कंपनीने दातेरी चाके आणि दांडे असलेले संच काढले. १९८६ मध्ये 'मॉडेल टीम' ही मालिका आली, तिच्यात हुबेहूब दिसणारे ट्रक होते. आज अनेक देशांत मोठी माणसे असे ट्रक बनवतात आणि जमवतात. १९८० साली डेन्मार्कच्याच मर्स्क या जहाज कंपनीसाठी लेगोने फिकट निळ्या रंगाचा एक कंटेनर ट्रक काढला होता. जुने संच जमवणारे तो फार जपतात. मर्स्कचे खरे कंटेनर तुम्ही न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर पाहिले असतील. आणि मालाने भरलेली अख्खी पेटीच ट्रकवरून जहाजावर चढवायची, ही पद्धत रुजवली तीही एका ट्रकमालकानेच. अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी एप्रिल १९५६ मध्ये एका जहाजावर ५८ पेट्या चढवून पाठवल्या. तेथून आजच्या कंटेनर वाहतुकीला सुरुवात झाली.

जमवणे वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. जुन्या वस्तू कोणीतरी जपल्या नाहीत, तर पुढच्यांनी पाहायच्या काय? पण न उघडलेली खोकी कपाटात रचून ठेवायची आणि त्यांच्या किमती सांगत बसायचे, हा प्रकार मला पटत नाही. तुम्हांला उर्दूतला 'हवस' शब्द माहीत आहे. त्याचा अर्थ लोभ. तोच शब्द मराठीत आला आणि 'हौस' झाला. मराठीतली हौस ही चांगली गोष्ट आहे, आनंदाने केलेल्या कामाला आपण हौस म्हणतो. एकाच शब्दाची ही दोन रूपे मला या छंदात रोज शेजारी शेजारी दिसतात.

यावर एक पालक मला म्हणाले, "टीचर, हे श्रीमंतांचे खेळ." त्यांचे बोलणे अगदी खोटे नाही. परदेशी खेळण्यांवरचा आयातकर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के. नामवंत कंपनीचा मोठा ट्रक आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी येणार नाही. आपल्या बाजारात मिळणारे स्वस्त ब्लॉक कधी सैल बसतात, कधी बसतच नाहीत. पण त्या मुलाचा ट्रेलर अशाच ब्लॉकचा होता, तेही शेजारच्यांनी दिलेल्या जुन्या डब्यातले. आणि ब्लॉक नसले तर? अरविंद गुप्ता यांचे नाव ऐकले आहे का? कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले हे अभियंते पुण्याला टेल्कोच्या कारखान्यात नोकरीला होते. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, ट्रक बनवणारी. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले आणि खेड्यातल्या शाळांच्या विज्ञानाच्या कार्यक्रमात सामील झाले. तेथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी आकृत्या आणि सांगाडे जोडून दाखवले. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेच्या बाल विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खरे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस आगकाड्यांकडे वळला, ही गोष्ट मी मुद्दाम त्या पालकांना सांगितली. काडेपेटीलाही लांबी, रुंदी, उंची असते. एक काडेपेटी म्हणजे किती फूट, एवढे ठरवले की झाले.

दुसरी तक्रार अभ्यासाची. दहावी जवळ आली, आता खेळणी कसली? तीन-तीन तास ब्लॉक घेऊन बसणाऱ्या मुलाचा हात मीही धरीन. पण रविवारचा एक तास मी सोडायला तयार आहे, आणि त्या तासाला मी खेळ म्हणत नाही. ट्रक वळताना बाहेरच्या बाजूचे चाक जास्त अंतर जाते आणि आतले कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एक चाक घासत जाईल. म्हणून मध्ये दातेरी चाकांची एक जोडणी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. ही तीन वाक्ये पाठ करायला पाच मिनिटे लागतात, परीक्षेनंतर विसरायला तेवढीच. ब्लॉकच्या दातेरी चाकांनी ती जोडणी करून, एक चाक हातात धरून दुसरे फिरताना पाहिलेले मूल मात्र ते विसरत नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या बक्षिसाचे काय झाले? दिलेले बक्षीस मी परत घेऊ शकले नाही, ते बरोबरही झाले नसते. पहिल्या मुलाने मेहनत केली होती, आणि नियम सांगायची जबाबदारी माझी होती. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी मी माझी चूक सर्वांसमोर सांगितली. त्या ट्रेलरविषयी बोलायला मुलाला पुढे बोलावले. तो आला, माप सांगितले, चाके मोजून दाखवली. कोणीतरी विचारले, "तुला हे सगळे कसे माहीत?" तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझे अब्बा हीच गाडी चालवतात."

आमच्या प्रदर्शनाच्या अर्जावर आता एक रकाना वाढला आहे: 'ही वस्तू तुम्ही खरी कोठे पाहिली?' पहिल्या वर्षी अर्ज निम्म्याने कमी आले. जे आले त्यांत पाण्याचा टँकर होता, कचऱ्याची गाडी होती आणि मासळी नेणारा एक टेंपो होता. त्या टेंपोच्या मागे गळणाऱ्या बर्फाच्या पाण्यासाठी नळीसुद्धा लावली होती. लाल ट्रकवाला मुलगाही आला. त्याने आपले खोके पूर्ण सुटे केले होते आणि त्याच तुकड्यांतून चपट्या तोंडाचा, उजव्या हाताला स्टेअरिंग असलेला ट्रक करायला घेतला होता. तो अर्धाच झाला होता. मागच्या चाकांची रुंदी चुकते आहे, असे तो म्हणाला. येत्या रविवारी ते दोघे मोजपट्टी घेऊन कळंबोलीला उभी असलेली गाडी मोजायला जाणार आहेत. ट्रेलरवाल्याचे अब्बा सोबत असतील.