कॅपखाली उजेड पोहोचला का?

दाताची कॅप निघून हातात आली की रुग्ण आधी डॉक्टरांना बोल लावतो, मग स्वतःच्या सुपारीला. कॅप बसवताना दिव्याचा उजेड तिच्याखाली पोहोचला होता का, हे मात्र कुणी विचारत नाही.

सिरॅमिकची कॅप अनेकदा रेझिन सिमेंटने चिकटवतात. यातली बरीच सिमेंटे निळ्या प्रकाशात घट्ट होतात. 470 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्यांना सर्वाधिक मानवतो. पण दिवा कॅपच्या वर आणि सिमेंट तिच्या खाली. मधले सिरॅमिक प्रकाश शोषते, विखुरते. एका मिलिमीटरने निम्मा प्रकाश अडवला असे धरले, तर दुसरा मिलिमीटर उरलेल्याचा निम्मा अडवतो. खाली चार आणेच उरतात. छटा गडद असेल तर आणखी कमी. लिथियम डायसिलिकेटमधून तुलनेने बरा प्रकाश जातो, झिर्कोनियातून सहसा कमी आणि आत धातू असलेल्या कॅपमधून अजिबात नाही.

उजेड अपुरा पडला की सिमेंट अर्धेकच्चे राहते. त्या दिवशी ते कळत नाही, कारण कडेवर थेट झोत पडून तिथले सिमेंट कडक झालेले असते. पुढे लाळ झिरपते, कड काळवंडते, आत कीड शिरते. रूट कॅनाल केलेल्या दाताला दुखण्याची जाणीवही नसते.

तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगारासाठी किंवा डहाणूच्या चिकूवाडीत राबणाऱ्या बाईसाठी कॅपची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय गाठता येते. पण निघालेल्या कॅपसाठी पुन्हा सव्वाशे किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे, हे कोणाला परवडते?

जाड किंवा अपारदर्शक कॅपखाली प्रकाश आणि रासायनिक क्रिया अशा दोन्हींनी घट्ट होणारे सिमेंट वापरावे. त्यातलीही अनेक सिमेंटे उजेडाशिवाय पूर्ण ताकद गाठत नाहीत, म्हणून दिवा टेकवून, सर्व बाजूंनी, वाढीव सेकंद धरावा. धातूच्या कॅपला साधे ग्लास आयनोमर पुष्कळदा पुरते. महागडे सिमेंट म्हणजे चांगले, असे नाही.

खरे दुर्लक्ष दिव्याकडे होते. टोकाला जुने रेझिन चिकटलेले, काचेवर चरे, तरी उजेड निळाच दिसतो. तो पुरेसा आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, रेडिओमीटरला कळते. हे यंत्र हातात मावते. सरकारी दंत विभागांसाठी दिवे मागवताना तेही त्याच मागणीपत्रात असले पाहिजे आणि मोजमापाची नोंद ठेवली गेली पाहिजे. खासगी दवाखान्यांनाही यातून सूट नको.

आणि कॅप निघालीच, तर ती घरातल्या झटपट गोंदाने चिकटवू नये. डबीत घालून घेऊन यावी. तिच्या आत उरलेल्या सिमेंटवरून काय बिघडले याचा बराच अंदाज डॉक्टरांना येतो.