ग्रंथालयांचा सहकार

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना संमत केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. आकडे डोळे दिपविणारे खरे. परंतु पहिला लाभ सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांचा, आणि सातारा-सांगलीकडील बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालविलेली. त्यांच्या पदरी ‘एन-लिस्ट’ची शिदोरी तेवढी उरते.

कपाटातील पुस्तक एकाने नेले की दुसरा त्यास मुकतो. इलेक्ट्रॉनिक लेख शंभरांनी वाचला तरी झिजत नाही. येथील टंचाई करारांनी निर्माण केलेली आहे. शेजाऱ्यास परवलीचा शब्द देणे हा करारभंग ठरतो. तेव्हा उसनवारी नव्हे, तर एकत्रित खरेदी हाच मार्ग होय. साताऱ्यात २०२१ मध्ये तीन महाविद्यालये मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. त्यांपैकी एकास सहकाराचे पुरस्कर्ते धनंजयराव गाडगीळ यांचे नाव आहे, हेही सूचकच. सांगलीच्या विलिंग्डनसारखी महाविद्यालये या समूहास मिळाली, तर प्रकाशकांपुढे एकेकट्याने हात जोडावे लागणार नाहीत.

खरी अडचण वर्गणीच्या वाटणीची आहे. ती वापरावर ठरविली, तर अधिक वाचणाऱ्या महाविद्यालयासच दंड बसेल. विद्यार्थिसंख्या हाच निकष धरावा आणि लहान महाविद्यालयांचा काही भार प्रारंभी मोठ्यांनी उचलावा.