रूट कॅनल झालं, पण कॅपचं काय?

क्लासेससाठी लातूर-नांदेडला राहणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांचा हिशोब ठरलेला असतो: रूट कॅनल झालं, ठणका थांबला, वर पांढरं सिमेंट भरलं, विषय संपला. कॅप म्हणजे बिल वाढवायचा धंदा! मला हे पटत नाही.

रीह, मेसर आणि डग्लस यांनी १९८९मध्ये प्रयोग केला होता. रूट कॅनलसाठी नुसतं छिद्र पाडल्यावर दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के घटला. शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही भिंती कोरल्यावर मात्र ६३ टक्के. म्हणजे खरी वाट लागते ती भिंती गेल्याने. त्यात ते पांढरं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, निळ्या लाइटखाली कडक होताना आक्रसतं आणि उरलेल्या भिंतींना आत ओढतं. वरून आपला ऊस, फुटाणे, कडक भाकरी. दर घासाला दाढ थोडी फाकते. नस काढलेली, त्यामुळे कळ येऊन सावध करेलच असं नाही. चीर मुळात उतरली की बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते.

सरसकट कॅप मारणंही चूकच. समोरच्या शाबूत दाताला बऱ्याचदा फिलिंग पुरतं. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या विचारा, "डॉक्टर, भिंती किती उरल्यात?" बजेट नसेल तर लातूर, नांदेड दोन्हीकडे डेंटल कॉलेज आहे, तिथे चौकशी करा. आणि कॅप बसेपर्यंत त्या बाजूने ऊस नको.